लिथियम आणि निर्जळी उपवास

प्रश्न : बायपोलर आजारासाठी माझ्या धाकट्या भावाला लिथियम सुरू आहे. प्रकृती स्थिर असूनही डॉक्टर वारंवार रक्त तपासायला सांगतात. येत्या एकादशीला त्याला निर्जळी उपवास करायचा आहे. चालेल का?

उत्तर : निर्जळी उपवास त्याने करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. लिथियम हा क्षार मेंदूच्या पेशींमधील संदेशवहनावर परिणाम करून मनःस्थितीचे टोकाचे चढउतार रोखतो. पण मूत्रपिंड त्याला बरेचसे सोडियमप्रमाणेच हाताळते, त्यामुळे शरीरातील पाणी किंवा मीठ घटले, की ते लिथियमही धरून ठेवते आणि गोळ्या तेवढ्याच असताना रक्तातील पातळी चढते. उन्मादावरील त्याचा उपयोग ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली मांडला. मात्र उपयुक्त आणि घातक पातळीतले अंतर फार थोडे असते. सर्वसाधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ही पातळी राखतात. तीच पाहण्यासाठी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतात. हात जोराने थरथरणे, जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे असे काही दिसल्यास त्याच क्षणी डॉक्टरांना गाठावे. अंगदुखीवर आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये, त्यानेही पातळी वाढते. बरे वाटते म्हणून गोळ्या एकदम सोडल्यास उन्माद उलटू शकतो, हेही त्याला प्रेमाने समजावून सांगा.