लस दिली आणि काही झालं तर?

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो. बहुतेक वेळा बैठक संपत आल्यावर, पर्स उचलता उचलता, जरा संकोचून. "मॅडम, आमचं कुत्रं अगदी लहान आहे, चार किलोचंसुद्धा नाही. डॉक्टर लेप्टोची लस द्या म्हणतात. द्यावी का हो?" लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या लघवीतून पसरणारा ताप. मी समुपदेशक आहे, पशुवैद्य नाही, हे विचारणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. तरीही बेळगावात, खानापुरात, निपाणीकडं हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता तो ऐकताना मी लशीचा विचार बाजूला ठेवते आणि विचारणाऱ्याकडं बघते.

एक बाई आठवतात. अनगोळच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. घरी नवरा, सासूबाई, दुसरीतला मुलगा आणि गुंडू नावाचं पांढरं पॉमेरियन. बाई आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल हातात. काय वाचता, असं विचारलं तर आधी सांगेनात. मग म्हणाल्या, "लेप्टोच्या लशीनं लहान कुत्री दगावतात असं एकजण लिहितो. लस दिली नाही म्हणून आमचं गेलं, असं दुसरा लिहितो. सगळं वाचून झालं, काय करायचं तेच कळेना झालंय. कुत्र्यासाठी तुमच्याकडं आले, हसू नका."

यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गुंडूला एकाच दिवशी सेव्हन-इन-वन (लेप्टोसकट अनेक रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीज अशा दोन्ही लशी दिल्या होत्या. संध्याकाळी त्याचं तोंड सुजलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत तो बरा झाला. पण त्या रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तूच नेलंस ना त्याला." त्यानंतर बाईंनी फक्त रेबीजची लस चालू ठेवली. बाकीच्या प्रत्येक तारखेला काही ना काही कारण निघालं.

मी त्यांना विचारलं, "लस धोक्याची आहे का, हे तुम्हाला कोण सांगू शकेल?"

"डॉक्टर. त्यांनी सांगितलंय पण. सुजेल कदाचित, पण द्या म्हणाले."

"मग उत्तर मिळालंय तुम्हाला. रात्री दोन वाजता तुम्ही नेमकं कशाचं उत्तर शोधता?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मी नेलं आणि काही झालं तर मला कोण सोडणार आहे?"

माझं काम इथून सुरू होतं. माणसाला त्रास घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल तो स्वतःला काय सांगतो त्यानं जास्त होतो, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. इतकी वर्षं याच वाटेनं काम केलंय आणि तिनं मला क्वचितच दगा दिलाय. बाई स्वतःला सांगत होत्या की माझ्या हातानं झालेलं नुकसान हा माझा गुन्हा, आणि हात न लावता झालेलं नुकसान हे नशीब. असा हिशेब मांडला की कुणीही हात मागंच घेणार. आपल्याकडं मुलांच्या लसीकरणात, म्हाताऱ्यांच्या ऑपरेशनमध्ये हाच हिशेब दिसतो. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणणारा माणूस आपण अजून काही ठरवलेलं नाही असं समजतो. पण त्या महिन्यात पाऊस पडतो, उंदीर फिरतात आणि कुत्रं डबक्यातलं पाणी पितं.

पुढच्या बैठकीत मी त्यांच्यापुढं दोन कोरे कागद ठेवले. एकावर लिहायचं, लस दिली आणि वाईटात वाईट झालं तर काय होईल, आणि त्यावर मला काय करता येईल. दुसऱ्यावर तेच, लस न देता लेप्टो झाला तर. माहिती डॉक्टरांना विचारून आणायची, मोबाईलवरून नाही. शिक्षिकाच त्या, गृहपाठ नीट करून आल्या.

पहिला कागद गच्च भरला होता. तोंडाला सूज, अंगावर गांधी, उलट्या, क्वचित एकदम कोसळणं. बहुतेक जोराच्या ॲलर्जी काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात. म्हणून सकाळीच न्यायचं, म्हणजे दिवसभर दवाखाना उघडा असतो. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. मागं सूज आली होती हे आधी सांगायचं. रेबीजची लस त्याच दिवशी घ्यायची नाही, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं. अर्धा डोस मागायचा नाही, कारण त्यानं पुरेसं संरक्षण मिळत नाही. यातला प्रत्येक मुद्दा त्यांच्या हातातला होता.

दुसऱ्या कागदावर पाच-सहा ओळी. ताप, खाणं बंद, उलट्या, खूप पाणी पिणं, डोळे-हिरड्या पिवळ्या. मूत्रपिंड आणि यकृतावर घाला. दवाखान्यात ठेवावं लागेल, सलाइन, अँटिबायोटिक, वेळेत आलं तर वाचण्याची शक्यता चांगली. शेवटची ओळ वेगळ्या पेनानं लिहिलेली : त्याच्या लघवीतून घरातल्या माणसांनाही होऊ शकतो. त्याखाली काही नव्हतं.

मी म्हटलं, "दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा."

त्या बघत राहिल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलू नये हे शिकायला मला फार वेळ लागला, आणि आता ते मी निभावते. शेवटी त्या म्हणाल्या, "ज्याची मला जास्त भीती वाटते, त्यावर मला एवढं सगळं करता येतं. आणि ज्याची कमी वाटते, तिथं नुसती वाट बघायची." मग जरा वेळानं, "आणि मुलगा रोज रात्री त्याला कुशीत घेऊन झोपतो."

मी पूर्वी समजायचे की निर्णय अडतो तो माहिती कमी पडते म्हणून. बाईंच्या त्या दोन कागदांनी माझी समज पक्की झाली की माहिती असते. अडतं ते दोषापाशी. दोष कुणाच्या वाट्याला येणार हे आधी मोकळं करावं लागतं. म्हणून पुढच्या वेळी मी त्यांच्या यजमानांनाही बोलावलं. सासूबाईंचं ते वाक्य त्यांना आठवतही नव्हतं. बाईंनी ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "या वेळी मी सुट्टी काढतो. गाडी मी चालवतो, त्याला मांडीवर तू घे." सासूबाईंना काय सांगायचं तेही त्यांनीच उचललं. आईशी बोलणं लेकाचंच काम होतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

आता ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

लहान कुत्र्यांची भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लशीनंतरच्या तीन दिवसांत दर 10,000 कुत्र्यांमागं साधारण 38 कुत्र्यांना काही ना काही त्रास झाला होता. लहान चणीच्या कुत्र्यांत हे प्रमाण जास्त होतं, आणि एका भेटीत जितक्या जास्त लशी तितका धोका वाढत होता. म्हणजे बाईंच्या गुंडूला जे झालं ते खरंच घडू शकतं. त्यावरचा उपाय, लशी वेगवेगळ्या दिवशी विभागून देणं, हाही त्याच आकड्यांतून निघतो.

पण दुसरी बाजू मोबाईलवर फार कमी दिसते. लहान कुत्रं घरात असतं, त्याला लेप्टो कुठून होणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. अमेरिकेतल्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या 1970 ते 2009 च्या नोंदी पाहिल्या तर शेवटच्या दशकात 15 पौंडांखालच्या, म्हणजे साधारण सात किलोंखालच्या कुत्र्यांतच लेप्टोची शक्यता सर्वांत जास्त निघाली. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेनं 2024 च्या मार्गदर्शनात, जिथं हा रोग कायम असतो आणि योग्य लस मिळते तिथं ती सगळ्या कुत्र्यांसाठी आवश्यक मानली आहे.

आणि आपला भाग कसा आहे ते आपल्याला कुणी सांगायला नको. शिवारात ऊस आणि भात, दोन्हीकडं उंदीर. परसात गोठा. कन्नडमध्ये या तापाला इली ज्वर म्हणतात, इली म्हणजे उंदीर. पण हे जंतू गुरं, डुकरं आणि कुत्र्यांच्या लघवीतूनही पाण्यात उतरतात आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे तग धरतात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला, तेव्हा किती अंगणांत पाणी उभं होतं ते आठवा. मला मत विचाराल तर आपल्याकडं पारडं लशीकडं झुकतं. हे मत मी लपवत नाही, पण सुई कधी आणि कुठली हे ठरवायचं तुमच्या पशुवैद्यानं.

त्यांना विचारायचं काय, ते मात्र लिहून न्या. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि नंतर दरवर्षी एक. मध्ये मोठा खंड पडला असेल तर पुन्हा दोनापासून सुरुवात करावी लागते का, हे विचारा. या लशीत लेप्टोचे कुठले प्रकार येतात तेही विचारा, कारण एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर फारशी चालत नाही. त्यामुळं लस दिली तरी उंदरांचा बंदोबस्त, झाकलेलं पाणी आणि डबकी टाळणं चालूच ठेवायचं. लघवी पुसताना हातात मोजे घाला. पुराच्या पाण्यात गेल्यावर घरातल्या कुणाला ताप आला तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा. आणि तुमचं कुत्रं मागच्या वेळी खरोखर कोसळलं असेल, किंवा आत्ता आजारी असेल, तर डॉक्टर नको म्हणू शकतात. तेही ऐका. ते नको म्हणाले तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय झाला, पुढं ढकलत राहिल्यानं आपोआप झालेला नव्हे.

गुंडूला पहिला डोस मेच्या शेवटी दिला. दवाखान्यात अर्धा तास तिघंही बाकावर बसून होते, मुलगासुद्धा. सुई टोचली तिथं जरा दुखत होतं, रात्री तो थोडा मलूल होता, दुसऱ्या दिवशी जेवला. दुसऱ्या डोसची तारीख यजमानांनी स्वतःच्या मोबाईलमध्ये लावून ठेवली. बाई त्यानंतरही माझ्याकडं आल्या, पण गुंडूबद्दल बोलायला नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं, आणि घरातलं कुणीच हो म्हणायला पुढं येत नव्हतं.