दुकानाच्या उद्घाटनाला नगरसेवकाला बोलवावं का?

तुम्ही विचारलंय की परळला पोळीभाजी केंद्र काढताय, शेजारचा दुकानदार म्हणतो नगरसेवकाच्या हातून फीत कापून घे म्हणजे पुढे कोणी त्रास देणार नाही, तर हे कितपत खरं आणि मुळात नगरसेवकाचा आपल्या धंद्याशी संबंध काय. मी याच पट्ट्यात बावीस वर्षं प्रिंटिंगचं दुकान चालवतोय, लेटरहेड, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, लग्नपत्रिका सगळं, आणि प्रूफ बघायला येणारी माणसं दोन मिनिटं म्हणून बसतात आणि तासभर बोलतात, तर त्यातून जे कळलं ते सांगतो.

बोलवा, जरूर बोलवा. फीत मात्र आईच्या हातून कापून घ्या. नगरसेवकाला पाहुणा म्हणून नारळ द्या, पेढा द्या, फोटो काढा. भिंतीवर फोटो लावून काही होत नाही, पाच वर्षांनी माणूस बदलला की तोच फोटो उतरवायची वेळ येते आणि नवीन येतो तो पहिला त्या रिकाम्या खिळ्याकडेच बघतो (माझ्या समोरच्या फरसाणवाल्याचं हेच झालं, अजून खिळा तसाच आहे).

आता त्रासाचं. माझं पहिलं वर्ष, मंडळाची पोरं वर्गणीला आली आणि न विचारता सरळ 5001 ची पावती फाडली. नशीब असं की तेव्हाचे नगरसेवक लेटरहेडचं प्रूफ बघत स्टुलावर बसलेले, चष्मा वर न करताच म्हणाले, अरे याचं मशीन अजून हप्त्यावर आहे, 501 कर. पोरांनी गुपचूप पावती बदलली, आणि पुढच्या वर्षीपासून त्या मंडळाची पावतीपुस्तकं माझ्याकडेच यायला लागली. म्हणजे उपयोग होतो. पण तो होतो कारण ते स्वतः त्याच मंडळात पोरवयात वर्गणी मागत फिरलेले, चाळीतल्या प्रत्येक घरात त्यांचं चहापाणी झालेलं. फीत कापली म्हणून नाही झाला.

आणि दुसरी बाजू पण ऐका. वाढदिवसाचे बॅनर, वह्यावाटपाचे स्टिकर, हळदीकुंकवाची पत्रकं, सगळं "लिहून ठेव" वर जातं. माझी एक वही आहे तिच्यात 2012 सालची उधारी अजून तशीच आहे, आता त्या माणसाचं नाव घेत नाही. सत्कार, सप्ताह, कबड्डीचे सामने, कुठलाही कार्यक्रम असला की तुमच्याकडे "पन्नास माणसांचं बघा जरा" येणारच. अर्धे पैसे ॲडव्हान्स घ्या. हसत घ्या पण घ्या, पहिल्या दिवशी घेतलेत तर कोणाला राग येत नाही, दहाव्या वेळी मागितलेत तर येतो.

लोकांचा मोठा गैरसमज असा की नगरसेवक म्हणजे पालिकेचा मालक. मुंबईत तसं नाहीच. 1888 च्या कायद्यावर ही पालिका चालते, त्यात कामं करून घ्यायचा अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त सरकार नेमतं. वॉर्ड ऑफिसात बसतात ते सहाय्यक आयुक्तही प्रशासनाचेच. 227 नगरसेवकांच्या हातात काय, तर सभागृहात आणि समितीत बोलणं, निधीतून लादी-बाकडी-गटारं सुचवणं, आणि पत्र. मानधन 2017 ला वाढून महिना 25,000 झालं, त्याआधी दहा होतं, एवढ्यात ऑफिस आणि तिथे कामाला ठेवलेली दोन पोरं सांभाळायची म्हटलं तर बाकीचं कुठून येतं हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. कायद्याने त्यांना पालिकेच्या कंत्राटात भागीदारी ठेवता येत नाही, पद जातं. कागदावर तरी असं आहे.

पण ते पत्र म्हणजे साधी गोष्ट समजू नका. सकाळी ऑफिसबाहेर रांग असते ती पत्रासाठीच, आधारचा पत्ता बदलायचाय, हॉस्पिटलात बिल कमी करून हवंय, शाळेत ॲडमिशन, कोणाच्या गल्लीतला चेंबर तुंबलाय. चेंबरची तक्रार तुम्ही पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनला केलीत तर तक्रारीचा नंबर मिळतो, नगरसेवकाने ज्युनियर इंजिनियरला फोन केला तर दुपारपर्यंत माणूस मिळतो, हे मी हिंदमाताजवळ राहणारा माणूस सांगतोय, आमच्याकडे पाणी पायरी चढून आत यायचं.

तुमच्या कामाचे कागद मात्र स्वतः करा, त्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नका. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर 2017 च्या कायद्यानंतर गुमास्त्याचं, म्हणजे दुकान नोंदणीचं, नुसतं ऑनलाइन कळवायचं असतं. वॉर्डातून हेल्थ लायसन घ्यायचं, फूडचं वेगळं, ते एफडीएकडे, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाकडे. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि बाकीच्या भाषेपेक्षा अक्षर बारीक नको. आणि बाहेर शेड काढू नका, शेगडी फुटपाथवर नेऊ नका. 351 ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची, नोटीस आली की नगरसेवक "बघतो" म्हणतात, पण बऱ्याचदा तक्रार करणारा पण त्यांचाच मतदार असतो, ते तरी काय बघणार.

अजून एक, जागा महिलांसाठी राखीव असेल तर ताईंना भेटा. निम्म्या जागा महिलांच्या आहेत तरी फोन बऱ्याच ठिकाणी मिस्टरच उचलतात आणि लोकही त्यांनाच साहेब म्हणतात. आमच्याकडच्या एक ताई सगळ्या दुकानदारांना नावानिशी ओळखायच्या, कोणाची कचऱ्याची गाडी चुकली ते पण त्यांना माहीत, आणि मिस्टरांना गटार कुठलं आणि नळाची लाइन कुठली हे कळत नव्हतं.

खरा माणूस कसा ओळखायचा म्हणाल तर 2022 आठवा. मार्चमध्ये सगळ्यांची मुदत संपली आणि मग 2026 च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत पालिकेत प्रशासक, मुंबईत एकही नगरसेवक नाही. कित्येक ऑफिसांचं शटर महिन्याभरात खाली आलं. ते 501 वाले मात्र एप्रिलमध्ये माझ्याकडे आले, चारेकशे लेटरहेड शिल्लक होती, नवीन छापायची नाहीत म्हणाले, नुसता एक शिक्का बनव, "माजी". तो शिक्का ऑफिसातला पोरगा प्रत्येक कागदावर नगरसेवक या शब्दाच्या आधी मारायचा, कधी वर कधी तिरका, आणि ती पत्रं लोक माझ्याकडेच झेरॉक्सला आणायचे. आधारवाले घेत नसत ते पत्र. पण चेंबरवाला इंजिनियर फोन उचलायचा.

आरक्षणाच्या सोडतीत त्यांची जागा गेली, या निवडणुकीत ते उभेही नव्हते. तरी त्यांना बोलवा, आणि जे निवडून आलेत त्यांनाही, पत्रिका हातात नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर टाकू नका. पत्रिका कुठे छापायच्या ते मी सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल.