चार्ज हजाराचा, फटका सत्तावीस हजारांचा
वाचकांचे प्रश्न : परदेशी पैसे पाठवताना आणि घेताना

प्रश्न : मुलीच्या जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटसाठी (व्हिसासाठी तिकडच्या राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवतात ते खातं) बँकेतून ११,९०४ युरो पाठवले. 'हजार रुपये चार्ज, बाकी काही नाही,' असं काउंटरवर सांगितलं होतं. तिकडे ११,८७९ युरोच जमा झाले आणि व्हिसाला लागणारं पत्र अडकलं. २५ युरो गेले कुठे?
— एक पालक, लातूर

उत्तर : मधल्या बँकेने कापले. स्विफ्टने पैसे जातात असं आपण म्हणतो, पण स्विफ्ट ही बँकांमधली संदेशयंत्रणा आहे, तिच्यावरून जातो तो फक्त संदेश. पैसे एका बँकेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यांवर खाली-वर होतात. तुमच्या बँकेचं थेट त्या जर्मन बँकेत खातं नसेल, तर मध्ये एक किंवा दोन बँका येतात आणि प्रत्येक जण वाटेत आपली फी काढून घेतो. ही फी साधारण १० ते ३० डॉलर किंवा युरो असते.

ती कोणी सोसायची, हे फॉर्मवरच्या एका रकान्यात ठरतं. 'ओयूआर' म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे. 'एसएचए' म्हणजे इकडचे तुमचे, वाटेतले आणि तिकडचे घेणाऱ्याचे. 'बीईएन' म्हणजे सगळेच घेणाऱ्याचे. रकाना कोरा सोडला की बहुतेक वेळा एसएचए धरलं जातं. फी किंवा ब्लॉक्ड अकाउंटसाठी ओयूआरच लिहा. त्याचे जास्तीचे पैसे तुमची बँक इथेच घेईल, ते आधी विचारून घ्या. ओयूआर लिहूनही एखादी मधली बँक कापते, म्हणून ३०–४० युरो जास्त पाठवलेले बरे. आता राहिलेले २५ युरो पाठवायला पुन्हा इकडचा पूर्ण चार्ज लागेल, तेव्हा तेही नेमके २५ पाठवू नका.

पण तुम्ही विचारला तो लहान खर्च आहे. मोठा खर्च दरात लपलेला असतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारात त्या क्षणी युरो १०० रुपये होता आणि बँकेने तुम्हाला १०२ ने विकला, असं धरू. ११,९०४ युरोंवर २३,८०८ रुपये तिथेच गेले, आणि पावतीवर ते कुठेच 'चार्ज' म्हणून दिसत नाहीत. मोंढ्यात हमाली-तोलाई माफ करून क्विंटलमागे शंभर रुपये भाव पाडणारा व्यापारी आपल्या लगेच लक्षात येतो. बँकेच्या बाबतीत मात्र आपण फक्त हमाली विचारतो. चलन बदलण्यावर जीएसटीही आहे. रक्कम १० लाखांच्या वर असेल तर ९९० रुपये अधिक वरच्या रकमेवर ०.०१८ टक्के, इथे रुपयांतली रक्कम १२,१४,२०८, म्हणजे सुमारे १,०२९ रुपये. वाटेत गेलेले २५ युरो १०२ च्या दराने २,५५० रुपये. एकूण २७,३८७, आणि काउंटरवर सांगितलेला हजार वेगळा.

उपाय असा. शाखेत जाण्याआधी मोबाईलवर बाजारातला दर पाहून ठेवा. बँकेचा त्या दिवसाचा 'टीटी सेलिंग' दर, म्हणजे खात्यातून परदेशी पाठवायच्या चलनाचा विक्रीदर, मागा. नोटांचा दर वेगळा आणि महाग असतो, तो लावू देऊ नका. एवढ्या मोठ्या रकमेला छापील कार्ड रेटच घ्यायचा असं नाही. शाखा आपल्या ट्रेझरीला (बँकेच्या चलन-व्यवहार विभागाला) फोन करून खास दर घेऊ शकते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. चलनबाजार सकाळी ९ ते दुपारी ३:३० चालतो. त्यानंतर किंवा शनिवारी मिळणाऱ्या दरात बँक स्वतःच्या सुरक्षिततेसाठी जास्त फरक ठेवते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी अकरा-बाराला जा. आणि दोन बँकांना एकच प्रश्न विचारा : 'तिकडे पूर्ण ११,९०४ युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?' उत्तर लेखी घ्या. 'झिरो चार्ज' म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा.

प्रश्न : मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी या वर्षी १४ लाख पाठवायचे आहेत. बँक म्हणते टीसीएस कापणार. आमचं उत्पन्न शेतीचं, रिटर्न कधी भरलं नाही.
— एक शेतकरी, औसा

उत्तर : टीसीएस हा खर्च नाही, आगाऊ कापलेला कर आहे. पण परत मागितला नाही तर तो खर्चच होतो, आणि आपल्या भागात नेमकं हेच घडतं. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. तुमच्या बाबतीत तो वरच्या ४ लाखांवर लागेल. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून पाठवण्याच्या दिवशी शिक्षणासाठीचा दर विचारा. फॉर्म ए-२ वर, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या अर्जावर, उद्देश शिक्षणाचाच लागला आहे ना, हेही तपासा; शिक्षणासाठीच्या प्रवासाचा, फीचा आणि वसतिगृहाचा कोड एस०३०५ आहे. चुकीचा उद्देश पडला तर टीसीएस २० टक्क्यांवर जाऊ शकतो.

रक्कम बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जात असेल तर टीसीएस शून्य आहे. मात्र कर्ज आधी बचत खात्यात घेऊन घरच्या पैशांत मिसळू नका. कर्जखात्यातूनच पाठवा, म्हणजे कागद स्वच्छ राहतो. कापलेला टीसीएस आयकर खात्याकडच्या तुमच्या पॅनच्या करनोंदीत दिसतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी तो परत मिळवायला मुदतीत रिटर्न भरावंच लागेल. घरात नोकरदार कोणी असेल आणि पैसे त्याच्या पॅनवर गेले, तर कार्यालयाला कळवून तो टीसीएस पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करता येतो.

आई-वडील दोघांच्या पॅनवर रक्कम विभागता येते, पण आईच्या खात्यातला पैसा खरोखर तिचा हवा. शिवाय दोनदा पाठवलं की मधल्या बँकाही दोनदा कापतात.

प्रश्न : लेक शारजाहून दर महिन्याला २,००० दिरहम बँकेतून पाठवतो. मोबाईलवर दिसतो त्या दराने हिशेब केला तर दर वेळी दोन-अडीच हजार कमी येतात.
— एक वाचक, जिंतूर

उत्तर : बँकेचा संदेश पाहा. रक्कम डॉलरमध्ये आली असेल तर दोनदा चलन बदललं आहे : दिरहमचे डॉलर, मग डॉलरचे रुपये. १९९७ पासून एक डॉलर ३.६७२५ दिरहमला बांधलेला आहे, म्हणून पहिला टप्पा सहज तपासता येतो. २,००० दिरहमचे ५४४.५९ डॉलर व्हायला हवेत. संदेशात ५४० असेल तर साडेचार डॉलर तिथल्या बँकेने दरात घेतले. त्यापुढे मधल्या बँकेची फी, आणि शेवटी इथल्या बँकेचा 'टीटी बायिंग' दर, जो बाजारापेक्षा कमीच असतो. चलन बदलण्याचा जीएसटी इथेही आहे, किमान ४५ रुपये.

इतक्या लहान रकमेला स्विफ्ट परवडत नाही. तिकडच्या परवानाधारक एक्स्चेंज हाउसमधून रुपयांतच पाठवायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या रुपी ड्रॉइंग व्यवस्थेत दर तिथल्या काउंटरवरच ठरतो आणि इथे पैसे एनईएफटी किंवा आयएमपीएसने रुपयांतच जमा होतात. वाटेत कापणारं कोणी उरत नाही. दोन-तीन ठिकाणी 'आईच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील' एवढंच विचारून त्याने ठरवावं. दोन महिन्यांचे पैसे एकदम पाठवले तर फीही एकदाच लागते. रोख हवी असेल तर मनी ट्रान्सफरने ५०,००० रुपयांपर्यंतच मिळते. हुंडीवाल्याचा दर चांगला दिसतो, पण तो व्यवहार फेमा या परकीय चलन कायद्याखाली बेकायदा आहे आणि दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो.

प्रश्न : मस्कतहून आलेले पैसे जमा न होता परत गेले, आणि तिकडे कमी मिळाले. असं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : खातं किंवा नाव जुळलं नसणार. पासपोर्टवर आडनाव आधी आणि पासबुकावर वेगळा क्रम, वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे नेहमीचं. पासबुकावर आहे तसंच अक्षर न् अक्षर लिहायला सांगा. मराठवाड्यात आणखी एक घोळ आहे. पूर्वीच्या स्टेट बँक ऑफ हैदराबादची पासबुकं अजून कपाटात आहेत, आणि त्यांवरचा 'एसबीएचवाय'ने सुरू होणारा आयएफएससी कोड २०१७ च्या विलीनीकरणानंतर बदलला आहे. नवा कोड शाखेतून घ्या. खातं जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत असेल तर स्विफ्टचे पैसे थेट येत नाहीत. परदेशी पैशांसाठी राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत खातं ठेवा.

परतीच्या वाटेत फी पुन्हा कापली जाते, आणि चलन बदललं गेलं असेल तर ते उलट्या दराने बदलतं. पैसे अजून वाटेत असतील तर पाठवणाऱ्याने आपल्या बँकेकडून 'यूईटीआर' मागावा. हा त्या व्यवहाराचा ३६ चिन्हांचा क्रमांक असतो. तो इथल्या फॉरेक्स विभागाला दिला की पैसे कोणत्या बँकेत थांबले आणि कोणी किती कापले, हे बहुतेक वेळा पडद्यावरच दिसतं.