मुलगी यंदा आठवीत, हायस्कूल नवं आणि वर्ग मोबाईलवर. आईबापांनी काय काळजी घ्यावी?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून यंदा, २०२१ साली, हायस्कूलला गेली, कोरोनामुळे शाळेची पायरी चढायच्या आधीच वर्ग मोबाईलवर सुरू झाले, तर तिचा पाया कच्चा राहील का, डोळे बिघडतील का आणि मोबाईलचं वेड लागेल का. २०२० च्या जूनमध्ये हेच तीन प्रश्न मला झोपू देत नव्हते. आज वाटतं, ते अपुरे होते. त्या नव्या वर्गात तुमच्या मुलीच्या ओळखीचं एक तरी माणूस आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मीही तेव्हा त्याचा विचार केला नव्हता आणि त्यात आमच्या लेकीचे चार महिने गेले.

आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले. मी आशा सेविका आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, आठवीपासून नऊ किलोमीटरवरच्या हायस्कूलला जायचं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सातवीची परीक्षाही झाली नाही आणि निरोपसमारंभही. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले, त्यांना चौदा दिवस विलगीकरणात त्याच शाळेत ठेवलं. माझे थोरले दीर लेकीच्याच वर्गात राहिले होते. मग ३ जूनला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. आमच्याकडे लाईट यायला जुलै उजाडला. तोवर हायस्कूलचा ग्रुप सुरू झाला होता आणि रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर, मिळायची. पोर छत्री घेऊन भर पावसात सड्यावर जायची, पीडीएफ उतरवून घ्यायची आणि घरी येऊन लिहून काढायची.

आणि मी लोकांना कौतुकाने सांगायचे, बघा, कशी शहाण्यासारखी अभ्यास करते.

घरात चांगला मोबाईल एकच, तो माझा. ग्रुपवर नंबर माझा, नाव माझं, फोटोही माझाच. रोज सकाळी ती 'उपस्थित' असं टाकायची, ते माझ्या नावाने दिसायचं. मी ड्युटीला निघायच्या आत तिला सगळं उतरवून घ्यावं लागे. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे लागला. दारोदार ताप मोजायचा, ऑक्सिजन बघायचा. गावातल्या सगळ्यांचा ऑक्सिजन मला पाठ होता. घरात लेक दिवसभरात किती शब्द बोलते, हे मला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरात एका रविवारी मी तिची गणिताची वही उघडली. अक्षर मोत्यासारखं. संख्यारेषेवर वर्गमूळ दोन दाखवलेलं होतं, काटकोन त्रिकोण, कंपासचा कंस, सगळं रेखीव. मी बारावीपर्यंत शिकलेय, तेवढं मला अजून येतं. सहज म्हटलं, आता वर्गमूळ पाच काढून दाखव. ती गप्प बसली. मग म्हणाली, "त्याचं पीडीएफ आलं नव्हतं."

मी वही उलटी धरली तर मागच्या पानापासून तिने यादी केली होती. वर लिहिलं होतं, 'सरांना, मॅडमना विचारायचे'. तारखा घालून एकतीस प्रश्न. पहिला ८ जुलैचा: 'रॅशनल म्हणजे आपलं कुठलं?' हायस्कूलला सेमी इंग्रजी आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या पोरीला परिमेय म्हणजेच रॅशनल, हे सांगायला कुणी नव्हतं. एकतीसपैकी एकही प्रश्न तिने कुणाला विचारला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "ग्रुपवर अठ्ठावन्न जण आहेत. मी कुणाला ओळखत नाही. आणि तुझ्या नावाने जाईल ना गं ते."

ताई, हे वाक्य माझ्या छातीत बसलंय अजून.

घरात त्यावरून जे झालं ते सांगते, कारण तुमच्याही घरात हे होणार आहे. थोरले भाऊजी तेव्हा गावातच होते. त्यांनी निकाल लावून टाकला. "तरी मी सांगत होतो, पोरीच्या हातात मोबाईल देऊ नका. काढून घे आधी. हे वर्ष घरी बसू दे, पुढच्या वर्षी बघू." ह्यांनी मान खाली घातली, मोठ्या भावापुढे हे कधी बोलत नाहीत. मी बोलले. मोबाईल सगळा तपासून मग बोलले. पीडीएफ, शाळेच्या व्हिडिओच्या लिंका आणि रोजचं ते 'उपस्थित', याच्यापलीकडे त्यात तिचं काही नव्हतं. ना गेम, ना नको ते व्हिडिओ. पोरीने मोबाईल वाईट वापरला, हा आरोप मला आजही मान्य नाही. तिने तो पुरेसा वापरलाच नव्हता. एक फोन करायला हवा होता, एक मेसेज टाकायला हवा होता, तेवढं धाडस होत नव्हतं. तिला ज्याची भीती वाटत होती तो वर्ग होता. मोबाईल काढून घेतला असता तर त्या वर्गाचं दारच बंद झालं असतं. आणि घरी बसवलेल्या मुलीचं पुढचं वर्ष कधी येत नाही. माझ्या कामात मी अशी घरं पाहिलीत, पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न जमवायच्या गोष्टी तिथूनच सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गशिक्षिका मॅडमना फोन केला आणि आम्ही तिघं मोटारसायकलवरून हायस्कूलला गेलो. मॅडम व्हरांड्यात भेटल्या, तोंडाला मास्क, लांबूनच. लेकीने वही पुढे केली. मॅडमनी अक्षर बघितलं मात्र, एकदम म्हणाल्या, "अगं, ही वही तुझी होय! मला वाटलं, आशाताईच लिहून देतात." चार महिने त्या पोरीच्या वहीच्या फोटोंवर 'छान' लिहीत होत्या आणि पोर कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. अठ्ठावन्न मुलं, सगळ्यांचे नंबर आईबापांचे, एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. त्या माउलीने एकतीसच्या एकतीस प्रश्न बसून सोडवले, दोन तास लागले. निघताना आमच्याच वाटेवरच्या तीन मुलींची नावं दिली. त्यातल्या दोघी शेजारच्या वाडीत, चालत वीस मिनिटांवर.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी चौघी आमच्या पडवीत बसू लागल्या, मास्क लावून, अंतर ठेवून. माझं त्यावर लक्ष असायचं, माझं कामच ते. पहिल्याच शुक्रवारी त्यांतली एक म्हणाली, "सोपं आहे गं, दोनावर एकाचा लंब उभा कर. चार अधिक एक पाच." एवढंच होतं ते. जुलैपासून अडलेलं गणित एका वाक्यात सुटलं. तीही आमच्या लेकीइतकीच नवी होती, तिलाही वर्गात कुणी ओळखत नव्हतं.

२७ जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले तेव्हा लेक पहिल्यांदा त्या शाळेत जाऊन बसली. चौघी एका एसटीने गेल्या. एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं, पण मधल्या दोन महिन्यांत जे जुळलं ते तुटलं नाही.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. पाया कच्चा राहील का? थोडा राहील. २०२०-२१ ला सरकारने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला तरी राहिला. पण आठवीच्या मार्कांसाठी जीव काढू नका, पहिली ते आठवीची मुलं २०२०-२१ ला परीक्षेशिवायच वर गेली. नववीचं मात्र मनावर घ्या. यंदा, २०२१ ला, दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लावताना शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरायचे ठरले, ते आपण बघतोच आहोत. म्हणून आठवीचं वर्ष समजून घेण्यासाठी वापरा. रोज रात्री दहा मिनिटं तिला एकच सांगा, आज लिहिलेलं वही मिटून मला समजावून सांग. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. मूल अडखळलं की तुम्हाला कळतं.

डोळ्यांचं म्हणाल तर ऑनलाइन वर्गांसाठी केंद्राने २०२० ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आठवीपर्यंत दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच वर्ग सांगितलेत, नववीपासून चार. तुमच्या शाळेचे त्याहून जास्त होत असतील तर इतर पालकांना घेऊन मुख्याध्यापकांना भेटा. पीडीएफ जमलं तर छापून घ्या, पुस्तकात असेल ते पुस्तकातूनच वाचायला लावा. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीवर २०२० च्या जुलैत 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला, तो आम्ही बघायचो. त्याला ना रेंज लागत, ना मोबाईल. आणि हजारो रुपयांचे टॅब आणि पॅकेज विकणारे फोन येतील, घेऊ नका. आमच्या नात्यात एकांनी कर्ज काढून घेतलं. त्या टॅबमध्ये सगळं आहे, फक्त प्रश्न विचारायला माणूस नाही.

पण सगळ्यात आधी हे करा. शाळेच्या ग्रुपवर नाव मुलीचं टाका, नंबर तुमचा असला तरी. वर्गशिक्षकांना फोन करून तिला स्वतःला बोलू द्या, तुम्ही बोलू नका. जवळपास राहणाऱ्या दोन मुली शोधा. आणि घरातली पोर फार शांत, फार शहाणी झाली असेल तर तिचं कौतुक करू नका, तिच्याजवळ जाऊन बसा.

तुमच्या भागात रुग्ण वाढते असतील तर मुली एकत्र बसवू नका, फोनवर तिघी-चौघींना एकत्र घ्या. शहरात पन्नास मिनिटांचा प्रवास करून मैत्रीण गाठणं जमणार नाही, तेही मला कळतं. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, काही नको वाटतं म्हणत असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. ते मी आई म्हणून नाही, आशा म्हणून सांगतेय. शिवाय मोबाईलने खरंच बिघडलेली मुलंही असतील, माझं घर म्हणजे सगळी घरं नव्हेत.

भाऊजी मुंबईला परत गेले, पण फोनवर अजून दर वेळी म्हणतात, "मोबाईलने वर्ष घालवलं पोरीचं." लेक आता नववीत आहे, वर्ग पुन्हा मोबाईलवरच सुरू झालेत, दोन शिक्षक नवीन आहेत. तिने यंदाच्या वहीतही मागच्या पानावर यादी सुरू केलीय. परवा बघितली, सात प्रश्न होते आणि सहांवर बरोबरची खूण. गणपती यंदा १० सप्टेंबरला आहेत, भाऊजी येतील. दोन्ही वह्या मी जपून ठेवल्यात. आरती झाली की भाऊजींपुढे ठेवणार आहे, मागच्या पानावर उघडून.