द्रासच्या थंडीत केबल टाकणार असशील तर

लडाखमधल्या द्रासला हिवाळ्यात पारा उणे 20 च्याही खाली जातो, आणि तू नेणार आहेस ती आपल्याकडचीच पीव्हीसी प्लास्टिकच्या आवरणाची केबल. गारठ्यात पीव्हीसी कडक होतं, वाकवलं की तडकतं. काम मे-जूनपर्यंत ढकलता आलं तर साहेबांशी बोलून बघच.

नाहीच जमलं, तर एक नियम सोडू नकोस: केबल आधीचे 24 तास शून्याच्या वर राहिलेली असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. दुपारी ऊन पडलं म्हणून फसू नकोस. ड्रमच्या पोटातले वेढे रात्रीइतकेच थंड असतात. ड्रम आदल्या दिवशीच बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवलेल्या खोलीत ठेव, बुखारीपासून लांब, आणि बाहेर काढला की लगेच ओढायला घे. ब्लोलँपने शेकणारे भेटतील, त्यांचं मुळीच ऐकू नकोस; वरचं आवरण जळतं आणि आत सगळं गारच राहतं. एक्सएलपीई केबल (आतलं इन्सुलेशन दुसऱ्या प्लास्टिकचं) असली तरी बाहेरचं आवरण बहुतेक वेळा पीव्हीसीचंच असतं, तेव्हा तिलाही हेच लागू.

ओढताना घाई नको, वळणं नेहमीपेक्षा मोठी दे. ड्रम ट्रकवरून ढकलून उतरवू देऊ नकोस, धक्क्यानेही आवरण फुटतं. केसाएवढी चीर तेव्हा दिसत नाही. बर्फ वितळला की पाणी शिरतं आणि फॉल्ट उन्हाळ्यात येतो.

केबल टाकण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लाव. थंडीत रीडिंग जास्तच चांगलं दिसतं, म्हणून शेजारी तापमानही लिहून ठेव.