गृहपाठ आईच विचारते तेव्हा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आठवीतला मुलगा. गुण चांगले, पण एकटा बसमध्ये चढत नाही, वर्गात शंका विचारत नाही. आईचा सवाल, "हे शाळेने शिकवायला नको का?" टीचरचं म्हणणं, "अख्ख्या वर्गात एकेकाकडे कसं बघू? हे घरचं काम." अनेक पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात.

मी मुलाचा आठवड्याचा दिनक्रम लिहून मागितला, तेव्हा खरी अडचण दिसली. रोज संध्याकाळी आई वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ विचारायची, टीचर लगेच कळवायच्या. मुलाला तो वहीत टिपायची किंवा मित्राला फोन करायची गरजच पडत नव्हती. दोघी मनापासून मदत करत होत्या आणि त्याचा सराव हिरावला जात होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 10 जीवनकौशल्यांत निर्णय घेणं, संवाद, ताण हाताळणं येतं. यातलं काहीच नुसतं ऐकून येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीला 10 दप्तरमुक्त दिवस सुचवलेत. ते असायलाच हवेत, पण तेवढ्या 10 दिवसांत सवय लागत नाही. म्हणून वाटणी अशी केली: ज्याचा प्रसंग घरी रोज येतो ते घरचं, ज्याला बरोबरीची मुलं लागतात ते शाळेचं.

पहिला आठवडा फक्त पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पाव आणायचा. शंभराची नोट न्यायची, सुटे तिथेच मोजून घ्यायचे. मग डिचोली-म्हापसा बस. आधी आई शेजारी, पण तिकीट त्याने मागायचं. पुढच्या खेपेला आई मागच्या सीटवर. नंतर तो एकटा, वडील म्हापशाच्या स्टँडवर. अडलं ते पहिल्याच खेपेला. कंडक्टर समोर आला, मुलगा क्षणभर गप्प, तोवर आईने "दोन म्हापसा" सांगूनही टाकलं. तेव्हापासून मनात दहापर्यंत मोजल्याशिवाय आईने बोलायचं नाही, असं ठरलं. बहुतेक मुलं तेवढ्यात बोलतात. वाटेत फोनही करायचा नाही. पोचल्यावर तो करेल.

शाळेकडे दोनच गोष्टी. ग्रुपवर आईला गृहपाठ सांगायचा नाही. आणि प्रकल्पाच्या गटात वाद झाला तर टीचरनी निकाल द्यायचा नाही, प्रत्येकाला एकेक मिनिट बोलू द्यायचं. सुरुवातीला त्याचा गृहपाठ राहिला, ओरडाही बसला. तो बसू द्यावा. आईने चिठ्ठी लिहून वाचवलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पायऱ्या आणखी लहान करूनही पोटदुखी, उलटी, शाळेत जायलाच नकार असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर मात्र प्रश्न सरावाचा राहत नाही. अशा वेळी मुलाला ढकलू नये. बालमानसतज्ज्ञाला किंवा बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवावं.