गाठ हाताला लागली त्या दिवसापासून

प्रश्न : आमचे महिला मंडळ कोल्हापुरात मंगळवार पेठेत आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही स्तनाच्या कर्करोगाविषयी फेरी काढली, गुलाबी फिती लावल्या, डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले आणि घरोघरी पत्रके दिली. सभागृह भरले होते. त्या दिवशी सतरंज्या अंथरण्यापासून चहापर्यंत राबलेल्या आमच्या भिशीतल्या एक वहिनी तेव्हा स्वतःच्या छातीतली गाठ लपवून होत्या, हे आम्हांला सात महिन्यांनी, त्यांच्या काखेतही गाठ आल्यावर कळले. आता त्यांच्यावर उपचार सुरू आहेत. आमचे काय चुकले आणि यंदा आम्ही काय करावे?
— मंडळाच्या कार्यवाह, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण कार्यक्रम केला यात काहीच चुकले नाही, पण तो जिथे थांबला त्याच्या पुढेच खरे काम होते. त्या वहिनींनी व्याख्यान ऐकले होते आणि पत्रकही वाचले असणार. गाठ आहे हे आधी कोणाला सांगायचे, कुठल्या दवाखान्यात कुठल्या विभागापुढे रांगेत उभे राहायचे, तपासायला बाई असेल की पुरुष, खर्च किती येईल, नवऱ्याला आणि मुलांना काय सांगायचे, या प्रश्नांची उत्तरे मात्र त्यांच्यापाशी नव्हती, आणि म्हणून त्यांनी दुखणे अंगावर काढले.

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. लवकर सापडला तर हा आजार बहुतेक वेळा बरा होतो, हे आज कोणताही सर्जन सांगेल, तरीही आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया गाठ मोठी झाल्यावर किंवा कातडीवर जखम दिसू लागल्यावरच येतात. म्हणून शहरातील जागृती किती झाली हे मी फेरीतल्या डोक्यांवरून मोजणार नाही. गाठ हाताला लागली त्या दिवसापासून तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत किती दिवस गेले, हे मोजावे असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या आजारासाठी जो उपक्रम हाती घेतला, त्यात रुग्ण प्रथम दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपल्या वहिनींचे सात महिने त्या साठ दिवसांत धरलेलेच नाहीत, कारण ते पहिल्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच गेले. ते महिने वाचवणे डॉक्टरांच्या हाती नसते. शेजारीण, जाऊ किंवा भिशीतली मैत्रीण हे करू शकते.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक बाई गुडघेदुखीसाठी आल्या. मी तपासले, गोळ्या लिहून दिल्या, त्या उठल्या, पिशवी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि कडीवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डॉक्टर, हितं छातीला जरा गाठीसारखं लागतंय.” गुडघा हे निमित्त होते. त्यांच्या बोलण्यात ‘स्तन’ हा शब्द एकदाही आला नाही. आपल्या पत्रकांवर मात्र तोच शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि असे पत्रक चार घड्या करून भिशीच्या वहीत सरकवले जाते, घरातल्या टेबलावर राहत नाही. पत्रकात योग्य शब्द असावा हे खरे, परंतु बोलताना ‘छातीला गाठ’ असेच म्हणावे. बायका आपसांत जे म्हणतात, त्याच शब्दांत विचारले तर त्या उत्तर देतात.

आता यंदाच्या कार्यक्रमाविषयी. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला, टेंबलाईच्या यात्रेला सगळा गाव बाहेर असतो, तेव्हा मोठी सभा घेण्यापेक्षा नंतरच्या भिशीच्या दिवशी, पंधरा-वीस जणींत, दार लावून बसावे. हाताने समजावण्यासाठी मी एक साधी रीत वापरते. मळलेल्या कणकेच्या गोळ्यात एक हरभरा खोल दाबून ठेवायचा, वरून ओला रुमाल पसरायचा आणि प्रत्येकीला तो शोधायला लावायचा. बहुतेक जणी आधी चिमटीत धरून बघतात, आणि चिमटीत धरले की चांगली कणीकसुद्धा गाठीसारखी लागते. छातीचेही तसेच आहे. मधल्या तीन बोटांचा पेरांकडचा सपाट भाग टेकवून, हळूहळू गोल फिरवत, काखेपर्यंत जायचे. पाळी येऊन गेल्यावर चार-पाच दिवसांनी पाहावे, कारण पाळीच्या आधी छाती जड आणि गाठाळ लागते. पाळी थांबली असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवून घ्यावा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्वतः तपासल्याने मृत्यू कमी होतात असे शांघायमधल्या कापड गिरण्यांतील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात दिसले नाही. त्यामुळे हाताने पाहणे ही तपासणीची जागा घेत नाही. स्वतःच्या छातीची नेहमीची ठेवण ओळखीची व्हावी आणि बदल झाला तर चटकन कळावा, एवढ्यासाठीच ते करायचे. प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीचा उपयोग मात्र आपल्याच राज्यात दिसला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांची छाती प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी व त्यापुढच्या स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. यंत्र नसतानाही शिकलेल्या हातांनी एवढे साधते, म्हणून आपल्या भागातल्या आशाताईंना भिशीत बोलवा. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी त्या जो अर्ज भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकार बदलला आहे का, हे प्रश्न असतातच. ते घाईने ‘नाही, नाही’ असे भरून घेऊ नका.

दवाखान्याची वाट आधीच पाहून ठेवणे हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. छातीत गाठ असली की बायका बहुधा प्रसूतितज्ज्ञांकडे जातात. वास्तविक ती सर्जनने पाहायची असते. मंडळातल्या दोघींनी एका सकाळी सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर कुठे निघतो, शस्त्रक्रिया विभागाची ओपीडी कुठे व कोणत्या वारी असते, सोनोग्राफी आणि मॅमोग्राफीची (स्तनाच्या एक्स-रे तपासणीची) सोय कशी आहे, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. स्त्री डॉक्टर असाव्यात अशी विनंती करता येते, आणि पुरुष डॉक्टर असले तरी तपासताना परिचारिका जवळ असलीच पाहिजे, असा आग्रह धरावा. डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्यासारखी स्त्री डॉक्टर संस्थानच्या काळात पाहिलेल्या या शहरात ही मागणी करताना कोणीही संकोचू नये. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि योजनेतील अंगीकृत रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र रेशनकार्ड व आधारकार्ड पाहून पुढची प्रक्रिया समजावतात. ही कागदपत्रे शोधण्यातच काही घरांत पंधरवडा जातो, तेव्हा ती आजच एका पिशवीत घालून ठेवायला सांगा.

आणि ज्या दिवशी एखादी सांगेल, त्या दिवशी तिच्याबरोबर एकीने जायचे, हे भिशीतच ठरवून टाका. दहापैकी आठ-नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तिला वाटेत सांगावे. पण ‘नसेल काही’ असे म्हणून तिला घरी बसवू नये. आपल्या वहिनींना आता केमोथेरपीच्या दिवसांत सोबत लागेल, डबा लागेल, मुलांच्या शाळेकडे बघायला माणूस लागेल. ‘आधी का सांगितलं नाहीस’ हा प्रश्न मात्र कोणीही त्यांना विचारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. त्यांना तीन महिन्यांपासून गाठ आहे, पण ती दुखत नाही म्हणून त्या दाखवत नाहीत. सुई घातली की कर्करोग पसरतो, असे त्यांना कोणीतरी सांगितले आहे. मी काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि वय वाढते तसा धोकाही वाढतो. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्याने आजार पसरत नाही. उलट त्या तुकड्यावरूनच गाठ कोणत्या जातीची आहे आणि कोणते औषध तिला लागू पडेल हे कळते. सासूबाईंच्या मनात संपूर्ण स्तन काढावा लागेल ही भीती असू शकते, ती बोलून काढावी. गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढाच भाग काढून नंतर रेडिएशन देतात, आणि आयुर्मानाच्या दृष्टीने या उपचाराचा परिणाम पूर्ण स्तन काढण्याइतकाच चांगला असल्याचे वीस वर्षांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. हे आपण सांगून पटले नाही, तर त्या ज्यांचे ऐकतात त्यांच्याकडून, मुलीकडून किंवा नणंदेकडून सांगवावे. तीन महिने आधीच गेले आहेत, तेव्हा पुढच्या आठवड्यावर टाकू नये.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा पुरुष आहे. माझ्या छातीच्या बोंडामागे कडक गाठ लागते. हसण्यावारी न्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नेऊ नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. काही औषधांमुळे किंवा संप्रेरकांतील बदलांमुळेही अशी गाठ येते, परंतु फरक तपासणीनेच कळतो. आपणही शस्त्रक्रिया विभागाच्या त्याच ओपीडीत जावे, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.